मंगळावरच्या बायकांचं गोंदण

सुलाबाईंच्या एकांकिकेत मुळात गोंदण नव्हतंच. इसवी सन तीन हजार पंचवीस, मंगळावरची वसाहत, संक्रांतीचे दिवस आणि हळदीकुंकवाला जमलेल्या तीन बायका, एवढीच गोष्ट. नाव ‘मंगळावर हळदीकुंकू’. एकीनं वाण म्हणून प्राणवायूची नळकांडी वाटायची आणि बाकीच्यांनी घरी गेल्यावर ती रिकामी निघाली म्हणून परत येऊन भांडायचं, असा संघर्षही तिच्यात होता.

घोळ घातला तो आप्पासोंनी. आप्पासो म्हणजे सुलाबाईंचे यजमान, रहिमतपूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाडी लागली आहे आणि गाडी लागलेली नाही, एवढ्या दोन वाक्यांवर त्यांनी तीस वर्षं नोकरी काढली, त्यामुळे साहित्यावरची त्यांची मतंही तेवढीच आटोपशीर. वही वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “बायका आपल्या गल्लीतल्याच वाटतात. मंगळ कुठं दिसला नाही.”

सुलाबाईंनी दोन दिवस त्यांच्या चहात साखर घातली नाही. आप्पासोंना मधुमेह असल्यामुळे त्या ती तशीही घालत नव्हत्याच, म्हणून या निषेधाची कोणी दखल घेतली नाही. तिसऱ्या दिवशी त्या वही-पेन घेऊन टीव्हीपुढे बसल्या आणि अंतराळातले दोन सिनेमे हिंदीतून शेवटपर्यंत पाहिले. त्यातून त्यांना एवढं समजलं की पुढच्या काळातली माणसं वाटेल तेवढ्या लांब जातील, पण तोंडावर निळी नक्षी काढल्याशिवाय त्यांना यानात कोणी घेणार नाही. कोणाचा हात लोखंडी, कोणाच्या कपाळाला शिंगं, आणि गोंदण तर सगळ्यांनाच, अगदी स्वयंपाक्यापासून सेनापतीपर्यंत. मग त्यांनी संहितेच्या पहिल्या पानावर, कंसात, एक ओळ वाढवली: सर्व पात्रांच्या चेहऱ्यावर व हातांवर निळे गोंदण, एकीचा हात लोखंडी, एकीला तिसरा डोळा.

एवढ्या एका ओळीनं पुढचा सगळा महिना खाल्ला.

स्पर्धा सांगलीला होती. ‘दुसरी घंटा’ नावाचा एक कलामंच साठीपुढच्या बायकांसाठी ती भरवायचा, यंदाचा विषय होता ‘विज्ञान आणि उद्याचा माणूस’. बक्षिसं पुष्कळ होती, पण सुलाबाईंचा डोळा एकाच बक्षिसावर होता. उत्कृष्ट लेखन. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. त्या काळात स्वागतगीतं त्यांनी लिहिली, निरोपाची भाषणं त्यांनी लिहिली, ज्यांचं सकाळी तोंड दिसू नये असं वाटायचं त्यांच्या निवृत्तीला ‘ज्ञानसूर्य’ म्हणून मानपत्रंही त्यांनीच लिहून दिली. एका वर्षी स्नेहसंमेलनात त्यांचं नाटुकलं फार रंगलं. कार्यक्रमपत्रिकेवर छापलं होतं, लेखन: मुख्याध्यापक. टाळ्या पडल्यावर मुख्याध्यापक उठून उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून चांगले कमरेत वाकले. सुलाबाई तेव्हा विंगेत तोंडात टाचण्या धरून उभ्या होत्या, त्यामुळे त्यांना काही बोलताही आलं नाही. आता त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. लेखिका म्हणून आपलं नाव एकदा, फक्त एकदा, माइकवरून पुकारलं जावं, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. म्हणजे गुडघे दुखायचे थांबावेत ही सोडून.

अर्जाला चौदा रकाने होते. अकरावा असा: ‘पात्रांनी आपल्या शरीरावर गोंदण अथवा फेरफार निवडले असल्यास त्यामागील शास्त्रीय कारण (पन्नास शब्दांत).’

सुलाबाईंनी लिहिलं, तिकडे तशी पद्धत आहे.

चौथ्या दिवशी उत्तर आलं: ‘पद्धत हे शास्त्रीय कारण नव्हे. पुनश्च सादर करावे.’

मग लालासाहेबांना बोलावणं भाग पडलं. लालासाहेब समोरच्या घरात राहायचे. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी कोणाकडे अर्ज भरायचा आहे असा वास आला की ते पेनाला टोपण न लावताच रस्ता ओलांडायचे.

“बाई, रकाना लहान दिसतोय, पण डाव त्यातच हाय,” ते म्हणाले. “लिवा. मंगळावर समदी माणसं डोक्यावर हेल्मेट घालत्यात. कोण कुठला कळाय नको? म्हणून ओळख पटावी यासाठी तोंडावर गोंदण.”

उत्तर आलं: ‘हेल्मेट घातल्यावर तोंडावरील गोंदण दिसणार कसे? खुलासा करावा.’

लालासाहेब खुलासा करायला बसले तो तीन पानं झाला. मग आप्पासोंनी मध्ये पडून सुचवलं, किरणांपासून संरक्षण लिहा, किरण म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही. पण तिकडे कोणी तरी आप्पासोंच्याही वरचा बसला होता. उत्तर आलं: ‘दोन संदर्भग्रंथांची नावे जोडावीत.’

“मी म्हणते, कारण लागतंच कशाला?” मेहरुनबी म्हणाल्या. मेहरुनबी सुलाबाईंच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. बाजारपेठेत त्यांच्या घरचं बांगड्यांचं दुकान होतं आणि परवापरवापर्यंत त्या स्वतः गल्ल्यावर बसत. एकांकिकेत त्या यानप्रमुख होत्या, लोखंडी हातही त्यांनाच. “चाळीस वर्षं बांगड्या भरल्या गं मी सुला. एकीनं तरी शास्त्रीय कारण सांगावं! हात पुढं करायच्या आणि म्हणायच्या, ती हिरवी घाल. का? तर जावेनं लाल घातलीय म्हणून.”

“ते लिहू का?”

“लिही की. जाऊ मंगळावर पण असणारच.”

हा संवाद सुलाबाईंच्या बाहेरच्या खोलीत तालमीच्या वेळी चालला होता. तालमीला तिघीजणी होत्या. सुलाबाई, मेहरुनबी आणि कोपऱ्यात पाय पसरून बसलेल्या रंगूबाई. तिघींचा मिळून हिशेब केला तर दोन गुडघे धातूचे, डोळ्यांतली तीन भिंगं बसवलेली, कवळ्या दोन, कानातलं यंत्र एक, आणि रंगूबाई सोडल्या तर डोक्यावरचे सगळे केस दर पंधरवड्याला काळे होणारे. आणि या बायका गंभीर चेहऱ्यानं विचार करत बसल्या होत्या की मंगळावरच्या माणसांना आपल्या शरीरात फेरफार करावेसे का बरं वाटले असतील!

रंगूबाईंचं सांगायचं राहिलं. त्या मूळच्या माण तालुक्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. वय ऐंशीच्या पुढे, नेमकं कोणालाच माहीत नाही. सुलाबाईंच्या मागच्या दारी त्यांची लेक राहायची, तिच्याकडे त्या दोन वर्षांपासून होत्या. एकांकिकेतली तिसरी बाई मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला निघून गेली तेव्हा सुलाबाईंच्या लक्षात आलं की चहाच्या वेळी न चुकता येणाऱ्या या म्हातारीच्या हनुवटीवर, कपाळावर आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खरंखुरं निळं गोंदण आहे. रंगवायची कटकट नाही. त्यांनी ताबडतोब एक नवं पात्र लिहिलं: मंगळावरची सर्वांत जुनी रहिवासी, मूक. मूक असणं फार आवश्यक होतं, कारण त्याआधी एकदा तालीम बघत बसलेल्या रंगूबाईंनी यानप्रमुखाला मध्येच विचारलं होतं, “आवं, पर हितं बायास्नी परसाकडला कुटं जावं लागतंय?” आणि एकांकिकेत त्याचं उत्तर नव्हतं.

अखेर कलामंचाचं शेवटचं पत्र आलं. सहभाग तात्पुरता मान्य. रकाना अकराचे कारण परीक्षक प्रयोगानंतर मंचावर समक्ष विचारतील. रंगभूषेसह छायाचित्र आठ दिवसांत पाठवावे.

भुवयांच्या पेन्सिलीनं काढलेलं गोंदण चहाच्या वाफेनं उतरलं. शाईनं काढलेलं घामानं गळ्यात आलं. मेहंदी लावून पाहिली तर मेहरुनबी मंगळाऐवजी मांडवातून आल्यासारख्या दिसायला लागल्या. रंगूबाई हे सगळं दोन दिवस पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी बशीतला चहा संपवून म्हणाल्या, “आमच्या जोतीरामाकडं निळा रंग हाय की. मेंढरावर खून कराय. पावसापान्यात बी जात न्हाई.”

जोतीराम म्हणजे रंगूबाईंचा थोरला मुलगा. दिवाळी झाल्यावर माणातले मेंढपाळ कळप घेऊन इकडे उतरतात, तसा त्याचा कळप गावाबाहेरच्या एका रानात बसला होता. कळपाकळपांची सरमिसळ झाली तर आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून प्रत्येकाची खूण ठरलेली असते. जात नाही हा त्या रंगाचा गुण आहे, असं सुलाबाईंनी मनाशी धरलं. मेंढराला आठ दिवसांत बँकेत जायचं नसतं, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही.

जोतीराम डबा आणि कुंचा घेऊन आला, पण दारातच थांबला.

“बाई, ह्यो मानसाला लावत न्हाईत.”

“आम्ही माणसं कुठं आहोत? मंगळावरच्या आहोत,” मेहरुनबी म्हणाल्या. “लाव तू.”

“आईला इचारतो.”

“लाव रं,” आई म्हणाली. “हौस हाय त्यास्नी.”

जोतीरामनं लावला. आता त्याला आयुष्यात एकच खूण काढायची सवय, ती त्यानं काढली. उजव्या गालावर दोन आडव्या रेघा आणि खाली ठिपका. सुलाबाईंच्या गालावर काढली, मेहरुनबींच्या गालावर काढली, आणि हात चाललाच आहे तर आप्पासोंकडेही एकदा पाहिलं, पण ते आत निघून गेले. फोटो झकास आला. लालासाहेबांनी तो त्यांच्या मुलाकडून कमी वजनाचा करून घेऊन पाठवला. तिकडून ‘पोहोचले’ असं उत्तर आलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच सुलाबाई पोटभर जेवल्या.

जेवण झाल्यावर त्या तोंड धुवायला गेल्या.

पुढचे चार दिवस डाळीचं पीठ, लिंबू, खोबरेल तेल आणि शेवटी आप्पासोंच्या सूचनेवरून रॉकेल, असे एकेक इलाज झाले. गाल लाल झाला, रेघा निळ्याच राहिल्या. सुलाबाईंनी पदर गालावर ओढून भाजी आणायला जायला सुरुवात केली. तरी शनिवारच्या बाजारात एक अनोळखी मेंढपाळ त्यांच्याकडे निरखून पाहत उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, “बाई, तुमी जोतीरामाच्या कळपातल्या काय?” एकतीस वर्षं नोकरी, तीन शिक्षणाधिकाऱ्यांच्या हातून सत्कार, आणि शेवटी ही ओळख.

मेहरुनबींना तर पुतणीच्या साखरपुड्याला जावं लागलं. कोणी विचारलं की त्या शांतपणे सांगायच्या, सांधेदुखीवरचा नवा इलाज आहे, गालातून शीर धरतात. संध्याकाळपर्यंत चौघी बायकांनी डॉक्टरचा पत्ता मागितला. एक तर भांडली, पत्ता मुद्दाम लपवते म्हणून.

पण खरी गंमत बँकेत झाली. नोव्हेंबर महिना, पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचं दाखवायचा महिना. हल्ली ते फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून दाखवतात. पूर्वी कारकून मान वर करून बघायचा आणि शिक्का मारायचा. काही कारकून मान वरही करायचे नाहीत, तरी माणसं जिवंत राहायची.

काउंटरवरच्या अपेक्षानं फोन सुलाबाईंच्या तोंडासमोर धरला.

“मॅडम, पापण्या मिटा आणि उघडा.”

सुलाबाईंनी मिटल्या आणि उघडल्या.

“चेहरा जुळत नाही म्हणतंय.”

“मग कोणाचा आहे म्हणतंय?”

अपेक्षानं पुन्हा पाहिलं. “तेवढं ते सांगत नाही.”

मागची रांग मदतीला धावली. चष्मा काढा. भिंतीकडे पाठ करा. दिव्याखाली या. एक आजोबा म्हणाले, “काल माझंही जुळत नव्हतं. घरी जाऊन दाढी करून आलो, लगेच झालं.” सुलाबाईंनी त्यांचे आभार मानले. एवढ्यात गडबड ऐकून मॅनेजर आतून आला, दोन्ही हात पँटच्या खिशात, “काय चाललंय?” म्हणत. सुलाबाईंनी मान न वळवता सांगितलं, “आधी खिशातले हात काढ.”

हात आपोआप बाहेर आले. “बाई! तुम्ही?” तो सुलाबाईंच्या वर्गातला रविराज होता, तीन वर्षं शेवटच्या बाकावर बसलेला. त्यानं कागद मागवून स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘समक्ष पाहिले, हयात आहेत’. एका शुद्धलेखनाच्या चुकीसाठी सुलाबाईंनी तो परत लिहून घेतला. जाताना त्यानं हळूच विचारलं, “बाई, पण तोंडाला काय झालंय?”

“नाटक आहे,” सुलाबाई म्हणाल्या.

“हो, हो,” रविराज घाईनं म्हणाला, ज्या आवाजात आपण घरच्या आजारी माणसाला हो म्हणतो त्या आवाजात.

इतकं सोसल्यावर बक्षीस मिळालंच पाहिजे, असा आता सुलाबाईंचा हिशेब झाला होता. रकाना अकराचं उत्तर त्यांनी सात वेळा लिहून पन्नास शब्दांत बसवलं. अतिनील किरण, त्वचेचे थर, रंगद्रव्याचे कण, सगळं होतं त्यात. सांगलीला जाताना गाडीत त्या ते पुटपुटत होत्या. मेहरुनबी लोखंडी हात मांडीवर घेऊन झोपल्या होत्या आणि रंगूबाई खिडकीतून प्रत्येक रानात मेंढरं बसवायला जागा कशी आहे ते बघत होत्या.

प्रयोग कसा झाला ते थोडक्यात सांगितलेलं बरं. सुलाबाईंच्या कपाळावरचा तिसरा डोळा म्हणजे विजेरी होती, ती पहिल्या प्रवेशातच आंधळी झाली. मेहरुनबींचा हात तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा. त्याची कड सुलाबाईंच्या साडीच्या काठात अडकली आणि पुढची दहा मिनिटं यानप्रमुख आणि यजमानीणबाई मंगळावर एकमेकींना बांधलेल्या फिरत होत्या. संघर्षाच्या प्रसंगात सुलाबाईंनी “चालती हो माझ्या घरातून!” असं म्हटलं आणि दोघीही बरोबरच चालत्या झाल्या. प्रेक्षक हसले. ते तिथं हसायचं नव्हतं. रंगूबाई मात्र ठरल्याप्रमाणे प्लास्टिकच्या खुर्चीवर मूक बसून होत्या, मांडीवर गोंदलेले हात ठेवून, आणि खरं सांगायचं तर त्या मंचावर मंगळावरची बाई कोणी वाटत असेल तर त्याच.

पडदा पडायच्या आधी परीक्षक उठले. तिघांतले मधले, जाकीट घातलेले, हातात सुलाबाईंचा अर्ज.

“लेखिका कोण?”

सुलाबाई पुढे झाल्या. मेहरुनबींनाही पुढे यावं लागलं.

“रकाना अकरा,” परीक्षक म्हणाले. “मंगळावरच्या या स्त्रियांनी गोंदण का निवडलं? नाही, तुम्ही नका सांगू. लेखकाचं उत्तर पाठ केलेलं असतं. मला पात्राकडून ऐकायचंय.” आणि ते रंगूबाईंकडे वळले. “आजी, तुमच्या या स्त्रीनं हे गोंदण का निवडलं?”

सुलाबाईंनी रंगूबाईंना डोळ्यांनी, भुवयांनी, विझलेल्या तिसऱ्या डोळ्यानंसुद्धा गप्प राहण्याची खूण केली. पण रंगूबाईंना कोणी समोरून विचारलं तर उत्तर द्यायची रीत होती.

“निवडलं?” रंगूबाई म्हणाल्या. “निवडाय ती काय मेथीची पेंडी हाय व्हय? पाच वर्साची हुते मी. आजीनं पाय धरलं, चुलतीनं हात धरलं, आन् गोंदणारीण सुया घिऊन छाताडावर बसली. मी लय वरडले. तवा आजी म्हनली, गप बस, वर जाताना ह्येवढंच संगं येतंय, सोनंनाणं हितंच ऱ्हातंय. सोनंनाणं हुतं कुटं म्हना आमच्यात! पर मला कुनी इचारलं न्हाई. तुमीच पैलं. आन् तुमी इचारताय काय, तर का निवडलं.”



“ह्या दोघींनी मातुर निवडलंय,” रंगूबाईंनी बोट दाखवलं. “ह्यास्नी कुनी धरलं नव्हतं. आमच्या जोतीरामाचा मेंढराचा रंग हाय त्यो. त्यो न्हाई म्हनत हुता.”

आधी एक हसला, मग सगळं सभागृह हसलं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. जाकीटवाले परीक्षक उभे राहिले. रुमालानं डोळे पुसत ते म्हणाले की एवढा वेळ आपल्याला ही संहिता अगदीच सामान्य वाटत होती, पण आता कळतंय की तो सामान्यपणा मुद्दाम होता, शेवटच्या या एका संवादाची तयारी होती ती. पुढच्या काळातली माणसं शरीराचं काय करतील असं आपण विचारत बसतो आणि लेखिकेनं आपल्यालाच विचारलं आहे की ज्यांना निवड मिळालीच नाही त्यांचं काय. दुपारी निकाल लागला. उत्कृष्ट लेखन, सुलाबाई.

नाव माइकवरून पुकारलं गेलं, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा त्या उठल्याच नाहीत. त्या मंचावर गेल्या, टाळ्या पडल्या, आणि त्यांचा हात छातीवर गेला आणि त्या कमरेत वाकल्या. वाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मुख्याध्यापक अगदी असेच वाकले होते. डावा पाय जरा मागे घेऊन.

त्या झटकन सरळ झाल्या आणि माइककडे गेल्या. “ते शेवटचं बोलणं माझं नाही,” त्यांनी सांगितलं. “मी ते लिहिलेलं नाही. त्या बाईंनी स्वतःचं सांगितलं.”

“ऐकलंत?” जाकीटवाले परीक्षक गहिवरून ओरडले. “हा खरा लेखक! पात्र स्वतःचं बोललं म्हणते! याहून मोठा विनय कोणता?”

टाळ्या दुप्पट झाल्या. सुलाबाईंनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्या हातात नारळ दिला गेला.

मानचिन्ह पितळी होतं, खाली कोरी पट्टी. सोबतच्या कागदावर सूचना होती, पट्टीवर विजेत्याने आपले नाव सोयीनुसार घालून घ्यावे. मेहरुनबी म्हणाल्या, त्यात काय, माझ्या बहिणीचा वाजिद इथं कुपवाडला आहे, त्याच्या शेडमध्ये यंत्रांच्या भागांवर नंबर घालायचं मशिन आहे, जाताना पाच मिनिटांचं काम. वाटेत गाडीत रंगूबाईंनी कलामंचानं दिलेला जेवणाचा डबा उघडून त्यातली भाजी गोड असल्याचं जाहीर केलं.

वाजिद चाळिशीचा, कामात गढलेला माणूस. सुट्टी असूनही त्यानं मावशीसाठी शेड उघडली होती. आत तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. त्यानं मावशीच्या गालाकडे पाहिलं.

“खाला, ये क्या?”

“गप. काम कर.”

त्यानं मानचिन्ह यंत्राच्या तोंडाशी नीट बसवलं, पट्टी पुसली आणि कीबोर्डवर बोटं ठेवली. “सांगा नाव. आणि नीट विचार करून सांगा बरं का. एकदा उठलं की निघत नाही.”

मेहरुनबी आणि सुलाबाई दोघींचाही हात गालावर गेला.

लहानपणी सुलाबाईंच्या दारी भांड्यांवर नावं घालणारा यायचा. ज्याचं नाव पडलं त्याचं भांडं. तांब्या कोणाच्याही घरी सापडो, नाव बघायचं आणि उचलून आणायचा. पुढे कोणी काही विचारत नसे.

“रंगूबाई, असं घाला,” त्या म्हणाल्या.

“पुढं? आडनाव?”

सुलाबाईंना माहीत नव्हतं. दोन वर्षं रोज चहा प्यायला बसणाऱ्या बाईचं आडनाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी दाराशी टेकून बसलेल्या रंगूबाईंना हाक मारली. “रंगूबाई, आडनाव काय हो तुमचं?”

“कशाला?”

“ह्या पितळेवर तुमचं नाव घालायचंय. बक्षीस तुमच्या बोलण्याला मिळालं. ते तुमचंच आहे. कायमचं नाव राहील त्याच्यावर.”

रंगूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. जवळ येऊन त्यांनी ती पट्टी अंगठ्यानं चाचपली. मग यंत्राकडे पाहिलं, वाजिदकडे पाहिलं, आणि सुलाबाईंकडे.

“घालू का म्हनून इचारतीस?”

“हो. विचारते.”

“मंग नगं,” रंगूबाई म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी ते पुन्हा म्हणून पाहिलं, नवं लुगडं अंगाला लावून बघावं तसं. “न्हाई. नगं मला. बया, लय बरं वाटतंय गं न्हाई म्हनाया!” आणि परत दाराशी जाऊन बसल्या.

वाजिदची बोटं कीबोर्डवर तशीच होती. तो सुलाबाईंकडे वळला. “मग तुमचं घालू का, मावशी?”

सुलाबाईंना ‘नको’ म्हणायचं होतं. अगदी मनापासून म्हणायचं होतं. शपथेवर सांगितलं तरी चालेल. नको म्हणण्यासाठीच त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून त्यांचं पूर्ण नाव बाहेर पडलं, मधल्या आप्पासोंसकट, आडनावासकट, आणि शेवटी, वाजिदनं विचारलं नव्हतं तरी, “बी.ए., बी.एड.”

मेहरुनबी छताकडे बघायला लागल्या.

यंत्राच्या टोकातून बारीक उजेड निघाला आणि पितळेवर अक्षरं उमटायला लागली. आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. रंगूबाईंना राहवलं नाही. त्या पुन्हा उठून आल्या, सुलाबाईंच्या खांद्यावरून वाकून बघत राहिल्या, आणि पदवीपाशी पोहोचल्यावर हळूच म्हणाल्या, “आत्ता गं! ह्ये पितळ तर रडत बी न्हाई.”